बेस गिटारची जवारी

बाबालाल, आधी आपलं भांडण पुरं करू, मग रडायचं बघू.

तुला नेलं तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांच्यात बसले होते. सगळ्या तुझं चांगलंच बोलत होत्या. तुझी शेजारीण म्हणाली, "कदी कुणाला उलट शब्द बोलला न्हाय हो." मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, अक्का रडतीय. तुझ्या बायकोनं, खातूनभाभीनं, माझा हात दाबला. तिला कळलं होतं की मी हसतीय. उलट शब्द बोलला नाही म्हणे. मला तर तू कधी सरळ बोललाच नाहीस.

आणि ते 'अक्का'. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा तू, आणि पहिल्याच दिवशी मला अक्का म्हणून मोकळा झालास. तुझं ऐकून तुझी बायको, तुझी लेक, खालचा चहावाला, सगळ्यांची मी अक्का झाले. तुझ्यामुळं मी वयाच्या आधी म्हातारी झाले. आता खरोखरची म्हातारी आहे, चार नातवंडांची आजी, तर म्हणायला तू नाहीस.

तू मला पहिल्यांदा बघितलंस तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की मला तिचे दोन कान उपटावेसे वाटतात. चाळिशी ओलांडलेली, दोन लग्नाला आलेल्या पोरांची आई, आणि रुबाब असा की मुंबईहून तिला बोलावणं येणारच आहे, फक्त टपाल उशिरा चाललंय. एकोणीसशे नव्वदचा सुमार होता. गणपतीत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा असायचे. आम्ही कसबा बावड्यातल्या भजनी मंडळातल्या सातजणींनी ठरवलं, बायकांचा ऑर्केस्ट्रा काढायचा. मला गायचं होतं. आमची म्होरकी शालन. तिनं माझं एक गाणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा हात तालाला चांगला हाय." गळ्याबद्दल अक्षर नाही. भाड्यानं आणलेली बेस गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि मला मागच्या रांगेत उभं केलं. मी तारा मोजल्या. साध्या गिटारला सहा, हिला चार. मनात म्हटलं, दोन तारा कमी, म्हणजे काम तेवढं कमी. एवढी मी हुशार.

ती भाड्याची गिटार वरवंट्यासारखी जड. पट्टा खांद्यावरून घसरला की पदरही घेऊन जायचा. लांबच्या पडद्यांपर्यंत, दांड्यावरच्या त्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, बोट पोचायचं नाही, म्हणून मी ते सूर गाळायचे आणि त्या वेळी मान जोरात हलवायचे. लोकांना वाटायचं, बाई रंगलीय.

कुणीतरी सांगितलं, रविवार पेठेत एकजण आहे, मिरजेत तंबोरे-सतारी करायला शिकून आलाय, त्याला विचारा. मी आले. तू लाकडाच्या भुशात बसला होतास. मान वर न करता विचारलंस, "काय पाहिजे?"

"बेस गिटार करता का?"

"न्हाय."

"का?"

"कुणी मागितली न्हाय."

"मी मागतीय."

"मग करतो की."

आणि लगेच आत हाक दिलीस, "खातून, माप ले जरा इनका." मला वाटलं, याला शिंपी आणि सुतार यांतला फरक कळत नाही. तू म्हणालास, "तंबोरा बाईचा येगळा, बाप्याचा येगळा. मग गिटार का न्हाय?" खातूनभाभीनं सुतळी आणली. खांद्यापासून कमरेपर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मापं घेतली आणि दर मापाला एकेक गाठ मारली. ती गाठींची सुतळी तू खिळ्याला टांगलीस. पुढं मी कितीदा तरी आले असेन, कधी दांडा झालेला असायचा, कधी नुसता फणसाच्या लाकडाचा ओंडका, पण तू आधी त्या सुतळीकडं बघायचास आणि मग माझ्याकडं. मी जाड झाले तर त्या सुतळीला आधी कळायचं.

गिटार झाली. दांडा तंबोऱ्याला वापरतात त्या तूनच्या लाकडाचा, अंग फणसाचं, आतून कोरून पोकळ केलेलं. तारेचा आवाज पकडणारं कॉइल तू उद्यमनगरात पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडून गुंडाळून आणलं होतंस. मी ती गळ्यात घातली आणि, बाबालाल, आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मला एकदम माझं अंग पुरं झाल्यासारखं वाटलं. कमरेच्या वळणाला तिचं वळण बसलं. पदर जागचा हलला नाही. करंगळी शेवटच्या पडद्यावर अशी टेकली जशी ती तिथंच वाढलेली.

मग मी सगळ्यात जाड तार छेडली, आणि ती भिणभिणली.

तंबोऱ्याची तार तिच्याखालच्या हाडाच्या पट्टीवर, म्हणजे घोडीवर, नुसती टेकत नाही. घोडीचा माथा कानशीनं अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार थरथरते तेव्हा त्या उतारावर घासत जाते, म्हणून आवाजाला तो झंकार येतो. त्याला जवारी म्हणतात. बेस गिटारला जवारी नसते. तिथं तार एका धारेवर टेकते आणि आवाज खांबासारखा सरळ उभा राहतो. पण तू जन्मभर तंबोरे केलेले. हाडाची घोडी पुढ्यात होती, कानस हातात होती. डोकं दुसरीकडं असताना हातानं आपली जवारी करून ठेवली.

आमच्या पहिल्या गणपतीत, शालन नाचाच्या गाण्यात शिरली आणि खाली बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "तंबोरा कशाला आणलाय रं ह्यास्नी?" ते स्टेजवर ऐकू आलं. शालननं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की मी मान हलवायचीसुद्धा विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या दारात. तेव्हा मला एकूण तीन गाणी वाजवता येत होती, त्यातलं एक निम्मं. पण बोलणं ऐकावं माझं.

"मला कॅसेटमधल्यासारखा आवाज पाहिजे."

"कॅसेटमधली बाई येगळी. तिला तिची गिटार."

"कॅसेटमध्ये बाई नाही, बाप्या आहे."

"मग तर इषयच मिटला."

"ही जवारी काढून टाका."

"न्हाय काढणार. आवाज बघा की कसा फिरतोय तिचा."

"तो फिरतोय म्हणूनच तर."

"अगं, तू आधी वाजवायला तर शीक."

त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोन्ही बाजूंनी. तासाभराच्या भांडणानंतर तू तोंड फिरवून म्हणालास, "नेसरीचा कार्यक्रम झाला की घेऊन ये. घोडी सपाट करून देतो. पण कुणी केली म्हणून माझं नाव सांगायचं न्हाय."

नेसरीचं मी तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक.

गावची जत्रा होती. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच गाण्याला लाईट गेली. माइक गेले, की-बोर्ड गेला, सगळंच गेलं. समोर एवढी माणसं, पोरं शिट्ट्या मारायला लागलेली. शालन म्हणजे वाघीण, तिनं तशाच मोकळ्या गळ्यानं भजनी मंडळातली जुनी गौळण उचलली. पण नुसत्या आवाजाला टेकायला काहीतरी पाहिजे. मी काही विचार केला नाही. जाड तार छेडली. तू आतून पोकळ केलेली ती गिटार विजेशिवाय बोलली, बाबालाल. फार मोठ्यानं नाही, पण बोलली. मी छेडत राहिले, एकच तार, आणि शालनचा सूर तिच्यावर असा बसला जसं मूल कडेवर बसतं. शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेत फेटेवाला एक म्हातारा पार स्टेजला येऊन चिकटला. गौळण संपल्यावर मला म्हणतो, "पावणं, हे भिणभिणतंय ते काय हाय?"

"बेस गिटार."

"आसं व्हय. मग लाईट आली तरी हेच वाजवा की."

लाईट आली, शालन पुन्हा नाचाच्या गाण्यावर गेली आणि म्हाताऱ्याचं कुणी ऐकलं नाही. पण मी परत येताना जीपमध्ये गिटार मांडीवर घेतली. तोवर ती मागं ढोलकाशेजारी असायची.

त्या आठवड्यात मी तुझ्याकडं आलेच नाही. तूच बाजारात भेटलास. "सपाट करायची म्हणालतीस की." मी म्हटलं, "राहू दे." "का?" "राहू दे म्हटलं ना." तू मान डोलावलीस आणि कोथिंबीर निवडायला लागलास. तुला वाटलं असेल, हिला जवारीत देव दिसला. मला काही दिसलं नव्हतं. मला ती भिणभिण ऐकल्याशिवाय झोप लागत नव्हती, एवढंच.

त्याच दसऱ्याला मी दुसरा शहाणपणा केला. खंडेनवमीला शेजारीपाजारी सगळे आपापली हत्यारं पुजतात, मग माझी गिटार का नको? पाटावर ठेवली, झेंडूचा हार घातला, आणि चांगलं बोटभर कुंकू पाण्यात कालवून तिच्या छातीवर टेकवलं. पॉलिश अजून व्हायचं होतं, लाकूड उघडं. कुंकू आत गेलं ते गेलं. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर ठिपक्याचा रुपयाएवढा डाग झाला. घाबरत तुझ्याकडं आणली. तू चष्मा वर करून बघितलंस. "पाडव्याला मिरवायला न्हेणार काय हिला? शिंगं रंगवायची राहिली की." आपल्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, ते धरून तू तिचं नाव म्हैस ठेवलंस. आवाजही तसाच आहे म्हणालास, धार काढायच्या वेळेला हंबरल्यासारखा. पण कुंकू खरवडून काढलं नाहीस. त्याच्यावरूनच लाखेचं पॉलिश चढवलंस. मी विचारलं, तर म्हणालास, "आता लावलंयस तर ऱ्हाऊ दे. लाकडाला काय जात असती व्हय?"

तेव्हापासून म्हैस माझ्या मांडीवर. एकदा गारगोटीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट."

"हे माणूस आहे का?"

"माणूस न्हाय तर मांडीवर का घेतलंय? वर टाका."

मी वर टाकली नाही. अर्धं तिकीट काढलं. घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोरांना कधी एवढं जपलं नाहीस." खरं होतं. पोरं पडली तर उठायची.

मग तो पुण्याचा वाजवणारा आला. आठवतोय ना? दाढी, कानात बाळी, हात मात्र सोन्याचा. तोवर तू बेस करणारा म्हणून ओळखला जायला लागला होतास, सांगली-बेळगावातून मागणी यायची. तुझ्या नव्या गिटारी खांबासारख्या सरळ वाजायच्या. त्यानं दुकानात म्हैस उचलली, दहा मिनिटं अशी वाजवली की मला माझीच गिटार परक्याच्या घरात सुखी असलेली दिसली, आणि मग म्हणाला, "आंटी, बाकी क्लास आहे. फक्त हा बझ काढून घ्या, कुणीतरी चुकीची घोडी बसवलीय."

तू तिथंच उभा होतास. तो गेल्यावर म्हणालास, "अक्का, एक दिस दे. सपाट करतो."

आणि मी म्हणाले, "नाही."

इथून आपलं भांडण पालथं झालं. आधी मी सपाट कर म्हणत होते आणि तू अडून बसला होतास. आता तू मागं लागलास आणि मी अडले. "माझी पयली गिटार हाय ती. लोकं बघून हसत्यात." "हसू देत." "चूक हाय ती माझी." "तुझी असेल. गिटार माझी आहे."

पण जवारी काही कायमची नसते. तारा घासून घासून घोडीला बारीक खाचा पडतात, झंकार बसतो, आवाज ठोकळा होतो. मग पुन्हा कानस लावावी लागते. म्हणजे दोनेक वर्षांनी मला म्हैस घेऊन तुझ्याच दारात यावं लागायचं, आणि जी गोष्ट तुला चूक वाटत होती, तीच तुझ्याकडून पुन्हा करून घ्यावी लागायची. मी दारातलं स्टूल ओढून तुझ्या हाताशेजारी बसायचे. पहाराच म्हण ना. चहा आला तरी नजर कानशीवर. तू एकदा घासायचास, तार चढवायचास, छेडायचास, उतरवायचास, पुन्हा एकदा घासायचास. एक केस जास्त गेला तर झंकार मेला. तुझी जीभ दातात असायची. मधेच मुद्दाम कानस आडवी धरून माझ्याकडं बघायचास.

"एकच हात फिरवतो. तूबी मोकळी होशील."

"हात कापून ठेवीन."

मग दुपारी कधीतरी ती तार उघडायची, झंकार मोकळा व्हायचा. तुला एक ओळ वाजवता येत नव्हती, जन्मभर वाद्यं केलीस आणि कुठलंही गाणं तुझ्या बोटात नव्हतं, पण ती मोकळी तार विरेपर्यंत तू डोळे मिटून ऐकायचास. चूक म्हणायचास आणि ऐकायचास. मग ठरलेलं वाक्य. "पुढच्या खेपेला मात्र सपाट करणार, सांगून ठेवतो."

आणि माझंही ठरलेलं. "बघू की."

आमचे हे गेले तेव्हा वर्षभर मी म्हशीला हात लावला नाही. ऑर्केस्ट्राही तोवर मोडलाच होता, गल्ल्यांत डीजे आलेले. लोक भेटायला यायचे आणि धीर धरा म्हणायचे. तू आलास, चहा नको म्हणालास, आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन तिची खोळ काढलीस. जाड तार एकदा छेडली. "झोपलीय," म्हणालास. "लाकूड वाजवलं न्हाय तर झोपतंय. रोज सकाळी उठलीस की एकदा छेडत जा. गाणं नको. नुसतं उठव तिला." बसलासुद्धा नाहीस. तुझी लुना चौकापर्यंत फटफटत गेलेली मला ऐकू येत होती.

मी रोज सकाळी तिला उठवायला लागले. तिला उठवायचं तर आधी मला उठायला लागायचं. तुझा डाव माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले, एवढी मी अजूनही हुशार. आभार मानायला आले असते तर तू कानस आडवी धरून दाखवली असतीस, म्हणून आले नाही.

शेवटच्या खेपेला तुझा हात थरथरत होता. म्हणालास, "सपाट करायला थरथर चालती. जवारीला न्हाय चालत. आता तरी ऐक." मी म्हटलं, बरा हो, मग बघू. म्हैस परत घेऊन गेले. तू बरा झाला नाहीस आणि जवारी बसतच गेली. गेले सहा महिने ती नुसती ठक वाजत होती. माझी नात म्हणायची, "आजी, आता ती परफेक्ट बेससारखी वाजतेय." तिच्याकडं दुकानातली चकचकीत आहे, चांगली आहे, पण कुणालाही चांगलीच असते.

तुझा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतरच्या सोमवारी मी आले. तुझ्या जागेवर तुझी लेक नसीम बसली होती. तुझा हात गेल्यापासून तंबोऱ्यांची कामं तीच करते, हे मला माहीत होतं, पण तिला तुझ्या पाटावर, तुझ्यासारखी जीभ दातात धरून बसलेली बघितलं आणि मी दारातच क्षणभर थांबले. तिनं म्हैस मांडीवर घेतली. कुंकवाच्या डागावरून अंगठा फिरवला. जाड तार छेडली. ठक.

"अक्का, अब्बा सांगून गेलेत. ही आली की सपाट करून दे."

"ठाऊक आहे."

"आनि तुमी म्हणनार, जवारी पुन्ना कर."

"ते तुला ठाऊक आहे."

"मग मी कुणाचं ऐकू?"

येताना रिक्षात मी उत्तर पाठ करून आले होते. वस्तू माझी, कान माझा, जवारीच पाहिजे. पण तिच्या हातातली कानस तुझी होती, बाबालाल, मूठ तुझ्या अंगठ्यानं झिजलेली, आणि तिच्या अंगठ्याला ती खळगी मोठी होत होती. मी म्हटलं, "तार छेड. तुझ्या कानाला काय पाहिजे ते बघ. मग कर."

आणि मी स्टुलावर बसले नाही. आत गेले.

खातूनभाभी कांदा चिरत होती. "आज पहारा न्हाय?"

"पहारा त्याच्यावर होता," मी म्हटलं.

तिनं मला अर्धे कांदे दिले. डोळ्यांना कारण मिळालं. बाहेर कानस एकदा चालली, थांबली. ठक. पुन्हा चालली. ठक. मधे बराच वेळ काहीच नाही, त्यात मी एक कांदा भुगा होईपर्यंत चिरला. भाभीनं तो माझ्यापुढून काढून घेतला. पुन्हा दोनदा कानस चालली, अगदी हलकी, जसं कुणी कापडावरून नख ओढावं.

मग तार उघडली.

भाभीचा सुरीचा हात थांबला. आवाज भिंतीतून आत आला, पातेल्यावरच्या झाकणाला लागला आणि झाकणही बारीक भिणभिणलं. तुझा नव्हता तो आवाज. तुझा एकदम यायचा, हा जरा उशिरा फुटतो आणि मग लांबवर जातो. मी हात पुसून बाहेर आले. रडायला सवड नव्हती, कारण तिनं चूक केली होती.

"नसीम, जास्त मोकळी झालीय. तुझ्या अब्बाची एवढी नसायची."

"अब्बाची जरा बंद असायची. मला खुली आवडती."

"वाजवायची मला आहे."

"मग वाजवा की. मी कुटं अडवलंय?"

मी तिथंच उभ्यानं गळ्यात घातली आणि नेसरीतली ती एकच तार छेडत राहिले. पोरगी डोळे मिटून ऐकत होती, पार विरेपर्यंत. मग तिनं कानस पुसून तुझ्या खिळ्याला टांगली. माझ्या मापाची सुतळी अजून शेजारीच आहे तिथं, भुशानं पांढरी झालेली. म्हैस खोळीत घालून माझ्या हातात देताना ती म्हणाली, "अक्का, पुढच्या खेपेला मात्र सपाट करनार, सांगून ठेवते."

मी म्हटलं, "बघू की."